बाबासाहेब जेवायला आले तर...

मित्रहो, मागच्या महिन्यात मेसच्या नोटीस बोर्डावर थकलेल्या बिलांच्या यादीशेजारी मराठी विभागाचा एक कागद लागला होता, आठवतोय? "तुमच्या आवडत्या राजकीय नेत्याला एका रात्री जेवायला बोलवायचे झाले तर कोणाला बोलवाल? आणि का?" त्याखाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, "आधी आम्हाला तरी नीट जेवायला घाला!" ते अक्षर कोणाचं हे आमच्या विंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. असो.

त्या रात्री आमच्या रूमवर याच विषयावर दीड वाजेपर्यंत चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, त्यामुळे चर्चा जरा जास्तच रंगली. पहिलं नाव अर्थातच शिवाजी महाराजांचं निघालं. रायगडच्या पायथ्याशी राहून दुसरं नाव आधी घेईल असा माणूस महाड-पोलादपुरात जन्मायचाय. पण माझं म्हणणं असं की महाराज आपल्याकडे पाहुणे कसे येतील? गड त्यांचा, मुलूख त्यांचा, पाहुणे आपणच. मग तानाजी मालुसऱ्यांचं नाव आलं, कारण त्यांची समाधी आमच्या पोलादपूर तालुक्यात उमरठला आहे. पण प्रश्न राजकीय नेत्याचा होता, म्हणून तेही राहिलं. एकाने चिंतामणराव देशमुखांचं नाव घेतलं. महाड तालुक्यातल्या नाते गावी 1896 साली जन्मलेला हा माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, पुढे केंद्रात अर्थमंत्री झाला आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली मंत्रिपद सोडून मोकळा झाला. पाहुणा फर्स्ट क्लास! त्यांच्याबरोबरचं जेवणही छान झालं असतं. आपण चार प्रश्न विचारले असते, त्यांनी शांतपणे उत्तरं दिली असती आणि दोन्ही बाजू तृप्त होऊन उठल्या असत्या.

माझं मत मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना होतं. "का?" असं कुणी विचारलंच नाही. "हो हो, बरोबर आहे," म्हणून सगळे झोपायला गेले. अडचण तिथेच आहे. बाबासाहेबांचं नाव घेतलं की आपण माना डोलावतो आणि विषय संपतो. 14 एप्रिलला हार घालतो, फोटो काढतो, झालं. पण ते खरोखरच जेवायला आले तर? आपल्या मेसमध्ये नाही, आपल्या घरी? मला हा प्रश्न पडला त्याला कारण आहे, ते शेवटी सांगतो.

आधी त्यांचं आणि आपल्या भागाचं नातं बघू. आपण 'महाडचा सत्याग्रह' म्हणून पाच मार्कांचं उत्तर पाठ करतो, पण त्यातल्या जागा आपल्या रोजच्या एस.टी.च्या वाटेवरच्या आहेत हे विसरतो. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यात, म्हणजे सावित्रीच्या पलीकडे. चळवळीचं बीज तर इथे त्यांच्या आधीपासून होतं. गोपाळबाबा वलंगकर हे महाड तालुक्यातल्या रावढळचे. लष्करातून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी अस्पृश्यतेवर लेखणी उचलली तेव्हा बाबासाहेब जन्मालाही आले नव्हते. परिषद घडवून आणणाऱ्यांत पुढे होते ते दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे.

1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सरकारी खर्चाची पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. त्यानंतर 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरबा टिपणीस यांचा या सगळ्यात मोठा वाटा होता. पण ठराव कागदावर आणि तळं आपल्या जागी! तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, माणूस मात्र जाऊ शकत नव्हता. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला लागणारं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं होतं. 1927 सालचे चाळीस रुपये बरं का! आणि तळं हाकेच्या अंतरावर.

20 मार्चला सगळे रांगेने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. एवढंच आपण वाचतो. पुढचं वाचताना मात्र मला घास लागल्यासारखं झालं. 'हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी अफवा गावात उठली, आणि जमाव परिषदेच्या मंडपावर चालून गेला. मंडपात त्या वेळी काय चाललं होतं माहीत आहे? जेवण! घरी परतण्याआधी माणसं जेवत होती. त्यांना मारहाण झाली, शिजवलेलं अन्न मातीत गेलं. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही. म्हणजे महाडात बाबासाहेबांच्या माणसांच्या पंगतीची हकिकत ही अशी आहे. जेवायला बोलवायचं म्हणतो तेव्हा ही मागची उधारी आपल्या नावावर आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

नंतर तळ्यात पंचगव्याच्या 108 घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात बाबासाहेब दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळेना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. तळ्यावर जाण्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम आला होता, म्हणून सत्याग्रह पुढे ढकलला, पण 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते, हे आपल्यातल्या 'आमच्याविरुद्ध सगळे' म्हणणाऱ्यांनी आणि 'ते सगळे आमच्याविरुद्ध' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ध्यानात घ्यावं. मग खटला. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. हिशेब करून बघा, ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षांना तीन दिवस कमी! आपली एक केटी निघायला एक सेमिस्टर जास्त लागलं तर आपण सिस्टिमला शिव्या घालतो.

आता काही जण म्हणतील, हा तर इतिहास झाला, जेवणाच्या टेबलावर हॉस्टेलच्या पोराला बाबासाहेबांशी बोलायला काय सापडणार? भरपूर सापडेल. पहिलं म्हणजे भूक. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात लंडनच्या दिवसांचं वर्णन आहे. दिवसभर लायब्ररीत बसायचं, घरमालकिणीने दिलेल्या तुटपुंज्या खाण्यावर भागवायचं आणि रात्री दहाच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागले की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. रात्री इंडक्शनवर चोरून मॅगी करणाऱ्यांना हा माणूस परका वाटणार नाही. फरक एवढाच की पापड खाऊन ते पुन्हा वाचायला बसायचे.

दुसरं, सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी तर वही घेऊनच बसावं. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्या खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय वीज मंडळ, केंद्रीय जलमार्ग व पाटबंधारे आयोग या सगळ्याची पायाभरणी त्यांच्या वेळची. 1945 साली कटकला बोलताना ओरिसातल्या पुरांबद्दल त्यांनी मांडलेला मुद्दा असा होता की जास्तीचं पाणी हे संकट समजून समुद्रात लोटून देण्याची सवय चुकीची आहे, ते साठवून सिंचन, वीज आणि वाहतूक अशी तिन्ही कामं करून घ्यायला हवीत. सावित्रीच्या काठावर राहणाऱ्यांनी हे ऐकण्यासारखं नाही का? ज्या माणसाला तळ्यातलं ओंजळभर पाणी नाकारलं, त्याच माणसाने पुढे देशाच्या नद्यांचा विचार केला. मला तर वाटतं, पाण्यावाचून राहिलेल्यालाच पाण्याची किंमत कळते.

यावरून त्यांच्या लहानपणची एक गोष्ट सांगतो. त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत ती लिहिली आहे. 1901 सालचा उन्हाळा. वडील सातारा जिल्ह्यात गोरेगावला नोकरीला. दहाएक वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं असे सगळे नवे कपडे घालून त्यांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले तर घ्यायला कुणी आलेलं नाही, कारण पत्रच पोचलं नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली, आणि मुलांनी जात सांगताच तो मागे सरकला. बैलगाडीवाले गाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार! बरोबर जेवणाचा डबा भरलेला होता. पण पाणी कुठे मिळेना. रात्री टोलनाक्यावर पोचले. गाडीवाल्याने शिकवलं होतं की आम्ही मुसलमान आहोत असं सांगा. छोट्या भीमरावाने तसं सांगून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. सगळी मुलं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली.

ही गोष्ट मी वाचली तेव्हा डबा, पाणी यांपेक्षा ते 'मुसलमान आहोत' हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. आता सांगतो का ते.

मागच्या वर्षी शिमग्याला मी माझ्या रूम पार्टनरला गावी नेलं. तो मराठवाड्यातला. एवढ्या लांब चार दिवसांसाठी घरी जाणं परवडत नाही, म्हणून म्हटलं चल, पालखी बघ. आमचं गाव पोलादपूरपासून आत, एस.टी. दिवसातून दोनदा. घरी आजी असते. आजीचं वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, हिशेब शाबूत. आम्ही ओटीवर पाय ठेवतोय तोवर आतून प्रश्न आला, "पावना कुठला रं? आडनाव काय त्याचं?"

तो तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोललो. आणि त्याचं आडनाव सांगितलं ते भलतंच. आमच्या वर्गातल्या दुसऱ्याच एका मुलाचं आडनाव ठोकून दिलं. का? आमच्या घरी पडवीच्या कोनाड्यात एक कप वर्षानुवर्षं पालथा पडलेला असायचा. कानतुटका, निळ्या फुलांचा. त्यातून कोणाला चहा देतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. 'माहीत होतं' म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं. मला वाटलं, कशाला तमाशा? सण आहे, पोरगं पाहुणा आहे, त्याचा अपमान नको. मी चांगलंच करतोय असं मला वाटलं, खरंच.

आजीने त्याला माझ्याशेजारी पाटावर बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, वर पुरणपोळी. "लाजू नको बाळा, खा," म्हणत तिने त्याला आग्रह करकरून वाढलं. तो जेवला, पण फार बोलला नाही. परत येताना एस.टी. महाड स्टँडच्या जवळ आली तेव्हा खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "आजीच्या हाताला चव आहे यार. पण जेवलं कोण? मी का तो?"

मला उत्तर देता आलं नाही. चवदार तळं स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आम्ही दोघेही तिकडे गेलो नाही.

गोरेगावच्या वाटेवर दहा वर्षांच्या मुलाला गाडीवाल्याने खोटी ओळख शिकवली होती, आणि इथे एकवीस वर्षांच्या माझ्या मित्राला ती मी चिकटवली. त्याची परवानगीही न घेता. मी आजीचा कप बदलला नाही, मित्राचं नाव बदललं. सोपं ते केलं.

म्हणून माझं मत असं की बाबासाहेबांना जेवायला बोलावणं ही कौतुकाची गोष्ट नाही, ती आपलीच व्हायवा आहे. आणि ते एक्स्टर्नल म्हणून आले तर पहिल्याच प्रश्नात गाठतील. 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं. मंडळाला ते झेपलं नाही, सभाच रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की सहभोजनं पुष्कळ झाली, त्याने जात काही मेली नाही. त्यांच्या मते खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याहीआधी ज्या धर्मग्रंथांच्या आधारावर जात टिकते त्यांचं प्रामाण्य नाकारणं. म्हणजे आपण थाटात पान मांडलं, 'बाबासाहेब, बघा, आम्ही तुमच्याबरोबर जेवलो' म्हटलं, तर ते हात धुता धुता विचारतील, "ठीक. जेवण झालं. पुढे काय?"

कुणी म्हणेल, "अरे, हॉस्टेलमध्ये कुठे आहे जात? एका ताटात चौघं जेवतो!" खरं आहे, जेवतो. पण पहिल्या आठवड्यातलं 'इंट्रो' आठवा. "नाव सांग" म्हटल्यावर पोरगं नाव सांगतं, मग सिनियर म्हणतो, "पूर्ण नाव!" ते का हवं असतं? आणि मग हळूच, "कुठल्या राउंडला लागला? कॅटेगरी?" हे विचारणारा वाईट असतो असं नाही. मीही विचारलंय. आजीने ओटीवर जे विचारलं तेच आपण इंग्रजी शब्द वापरून विचारतो, एवढाच फरक. आपल्या घटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, आणि 15 व्या कलमात तर विहिरी, तलाव, स्नानघाट, उपाहारगृहं असे साधे रोजचे शब्द आहेत. ते शब्द वाचताना मला महाड दिसतं. पण ओटीवरचा आणि इंट्रोतला प्रश्न कुठल्या कलमात बसवणार? तो आपल्यालाच सोडवायचा आहे.

दुसरा आक्षेप असा येईल की संकटात माणसं जातपात विसरतात. हेही खरं. 22 जुलै 2021 च्या पुरात माझ्या काकांचं महाडचं घर पाण्यात गेलं. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली, आमच्या पोलादपूर तालुक्यातही माणसं गेली. त्या आठवड्यात खिचडी कोणी शिजवली, बाटली कोणाच्या हातून आली, कोणी विचारलं नाही. सगळं शहर पाण्यात आणि प्यायला पाणी नाही, अशी अवस्था होती. पण पाणी ओसरलं, चिखल उपसून झाला आणि आडनावं परत जागच्या जागी आली. पूर आल्यावरच माणसासारखं वागायचं, हा काही डिझाइन क्रायटेरिया होऊ शकत नाही.

मग करायचं काय? मोठं काही सुचवत नाही. इंट्रोला पहिलं नाव आणि गाव पुरे, कॅटेगरीचा प्रश्न बंद. सर आणि मॅडम लोकांनाही नम्र विनंती, हजेरीपटावरचं आडनाव वाचून "अच्छा, म्हणजे तुम्ही..." असं अर्धं वाक्य सोडत जाऊ नका, त्याचा उरलेला अर्धा भाग आम्हाला ऐकू येतो. 20 मार्चला दर वर्षी लांबून लांबून माणसं तळ्यावर येतात, त्या दिवशी 'ट्रॅफिक असतं' म्हणून आपण महाडला जायचं टाळतो. एकदा जाऊन बघू. 2027 हे त्या ओंजळीच्या शताब्दीचं वर्ष आहे. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे मित्राला घरी नेऊ तेव्हा त्याच्याच नावाने नेऊ.

हा लेख लिहिल्यावर मी तो आधी रूम पार्टनरला दाखवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "छाप. पण आधी घरी सांग. नाहीतर हेही वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्यातरी नावावर खपवशील."

म्हणून मागच्या रविवारी गावी गेलो. आजी ओटीवर तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं, खरं आडनावही सांगितलं. आई म्हणाली, "काय गरज होती आता सांगायची?" वडील उठून गोठ्याकडे गेले. आजीचा हात सुपात तसाच राहिला. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "त्या दिशी त्याला पोटभर वाढलं व्हतं ना मी?"

"हो," म्हटलं.

पुढे ती काही बोलली नाही, तांदूळ निवडत राहिली. तो कप अजून कोनाड्यातच आहे, मी निघताना बघितला. पुढच्या शिमग्याला आम्ही दोघे परत जाणार आहोत. ओटीवर प्रश्न आला तर उत्तर तो देणार आहे.

बाबासाहेबांना त्यानंतर बोलवीन म्हणतो.